नुसतं बघायला

"या काका, बोला. कोणती गाडी बघायची?"

आवाज ओळखीचा होता, बोलणं ओळखीचं नव्हतं. भागुजींनी मान वर केली तेव्हा समोर प्रबुद्ध उभा होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. निळा शर्ट, गळ्यात टाय, केस पाणी लावून बसवलेले, दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत धरलेले. आणि तो हसत होता. हे हसू भागुजींनी आधी पाहिलेलं नव्हतं. घरी तो हसलाच तर एका गालानं हसे, अगदी लहानपणापासून, आणि हे हसू दोन्ही गालांवर सारखं पसरलेलं होतं, सकाळी कामावर येताना शर्टासारखं अंगात घातलेलं. क्षणभर भागुजींना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मुलासमोर येऊन उभे राहिलो. मग त्यांची नजर त्याच्या खिशावरच्या पट्टीवर गेली. पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं होती: प्रशांत. वाचनालयात हयात घालवलेल्या माणसाला छापलेलं अक्षर समोर आलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग, का ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, ते म्हणाले, "काही नाही. नुसतं बघायला आलो."

खरं तर ते दुसरंच वाक्य घेऊन आले होते. शिनोलीहून सकाळच्या गाडीनं घोडेगाव, तिथून मंचर, मंचरहून नारायणगाव, आणि सबंध वाटेनं खिडकीशी बसून ते एकच वाक्य मनाशी घोळवत होते: तुझी आई बोलावते आहे, आजच्या आज चल. जानकाबाईंनी त्यांना तसं बजावूनच धाडलं होतं. अंथरुणातून, भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या होत्या, "फोन नगा करू. फोनवर त्यो व्हय व्हय म्हणतो आन येत न्हाई. तुमी जावा. त्याच्या म्होरं उभं ऱ्हावा आन सांगा, आय बोलावतीया म्हणावं." मंचरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं, काय आवडेल ते खायला द्या, असंही सांगितलं होतं. हे वाक्य भागुजींनी इतक्या कादंबऱ्यांत वाचलं होतं की दवाखान्याच्या त्या अरुंद बोळात ते ऐकताना त्यांना वाटलं होतं, डॉक्टर कुठल्या तरी पुस्तकातलंच बोलतायत. बोलण्याआधी वाक्य तयार करून ठेवायची त्यांना जन्माची सवय. समोरच्यानं भलतंच काही विचारलं की तयार वाक्य हातातून निसटून जाई आणि मग त्यांच्या तोंडून येई ते दुसऱ्याच कुणाचं तरी असे. तसंच आज झालं. शोरूमच्या काचेच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, कारण आतली फरशी पाण्यासारखी चकचकीत होती आणि आपल्या पायांनी ती मळेल असं त्यांना वाटलं. आत दाराजवळच उभा असलेला एक दांडगा पोरगा, सोपान म्हणून कुणी तरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, "काका, देऊळ न्हाई हे. चला आत तसंच." पण तोवर चपला निघाल्या होत्या आणि पुन्हा घालणं त्यांना चपला काढण्याहून अवघड वाटलं. ते अनवाणी आत गेले. सोपाननं त्यांच्याकडे वरपासून खाली पाहिलं, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, आणि मागं वळून ओरडला, "प्रशांत, पेन आलाय! तुझा नंबर."

पेन म्हणजे काय ते भागुजींना ठाऊक होतं, आणि ते त्यांना प्रबुद्धनंच सांगितलं होतं. मागच्या खेपेला घरी आला तेव्हा जेवताना तो खुलला होता. "आबा, आमच्याकडं कपडे बघून गिऱ्हाईक ओळखायचं असतं, पण उलटं. ज्याच्या पायाला चिखल, त्याला आधी कोल्ड्रिंक. टोमॅटो विकून सरळ मार्केटमधनं येतो तो, मळक्या धोतरात, आणि उभ्या उभ्या गाडी घेऊन जातो. एकदा एकानं असल्या माणसाला हाकलला, तर तो समोरच्या शोरूममधनं दोन गाड्या घेऊन आमच्या दारावरनं हॉर्न वाजवत गेला. आणि खिशाला पेन लावून, भांग पाडून येतो ना, तो नुसता बघणारा. त्याला पाणी द्यायचं. चहा नाही. त्याला आम्ही पेनच म्हणतो." भागुजी तेव्हा हसले होते. जानकाबाईही हसल्या होत्या. आपल्या खिशाला पेन आहे हे त्या वेळी तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, की फक्त आपल्याच आलं नव्हतं? आता आठवताना त्यांना वाटलं, प्रबुद्धनं तेव्हा मध्येच बोलणं तोडून भाकरी मागितली होती.

"ही बघा काका, हे नवीन मॉडेल." प्रबुद्धनं पांढऱ्या गाडीच्या टपावर हलकेच हात ठेवला. "फॅमिलीसाठी एकदम बेस्ट. पॉवर स्टिअरिंग आहे, एका बोटानं वळते. आत एसी. बसून बघा ना. बसा, बसा, बघायला काय हरकत आहे." त्यानं दार उघडलं, आणि भागुजी वाकून आत शिरताना त्यानं आपला तळवा त्यांच्या डोक्यावर धरला, दाराची वरची कड लागू नये म्हणून. तळवा डोक्याला लागला नाही. केसांच्या वर बोटभर अंतरावर तो नुसता होता, आणि त्याची ऊब भागुजींना टाळूला जाणवली. असं कुणी कधी त्यांच्यासाठी केलं नव्हतं. आत नव्या रबराचा, प्लॅस्टिकचा वास कोंडलेला होता, थोडासा नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखा. शेजारी वाकून प्रबुद्ध बोलत होता, बोलतच होता. हे बटण कशाचं, हा दिवा लागला तर काय समजायचं, घाटात गाडी कशी ओढते. भागुजी ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा आपला मुलगा आपल्याला काहीतरी सबंध समजावून सांगतोय, न कंटाळता, न चिडता, 'जाऊ द्या आबा, तुम्हाला नाही कळायचं' असं न म्हणता. हे जाणवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीती वाटली. तिकडं ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. आत्ता बोलावं. पण त्याच्या खिशावरची पट्टी त्यांच्या डोळ्यांच्या इतकी समोर होती, आणि काचेपलीकडून सोपान पाहत होता. इथं 'अरे प्रबुद्ध' असं म्हटलं तर काय काय मोडेल ते त्यांना दिसत होतं.

ते नाव त्यांनी ठेवलं होतं. पाळण्यात घालायच्या आधी कित्येक संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर ते एकटेच आत बसून नाव शोधत राहिले होते. त्यांचं स्वतःचं नाव आज्यानं ठेवलेलं, भागुजी, हाक मारायला सोपं. गावानं ते कधी नुसतं भागुजी असं उच्चारलंही नव्हतं, भाग्या म्हटलं होतं. ते लहान होते त्या वर्षांत वस्तीनं नवा धर्म घेतला, घरातले जुने देव ओढ्याला सोडले, आणि मोठी माणसं म्हणाली, आता पोरांची नावंसुद्धा आपली आपण ठेवायची. मुलगा झाला तेव्हा भागुजींनी असं नाव शोधलं की ज्याचं कुणाला भाग्यासारखं काही करता येणार नाही. जानकाबाईंच्या जिभेला ते कधी जमलं नाही. त्या परबू म्हणायच्या. पण पोरगं शाळेत गेलं आणि गुरुजींनी हजेरीत ते नाव घेतलं की सगळा वर्ग वळून पाहायचा. नावातच घर कळायचं, वस्ती कळायची, आडनाव विचारायची गरजच पडायची नाही. हे भागुजींच्या ध्यानात यायला किती वर्षं लागली! नाव ठेवताना बापानं आपला विचार केला. ते घेऊन हिंडायचं मात्र पोराला होतं. मग त्यानं ते बाहेर उतरवून ठेवलं, मी दाराशी चपला उतरवल्या तसं, तर त्याला काय म्हणायचं? आणि आत्ता मी त्याला हाक मारली तर ती प्रेमानं मारलेली हाक असेल की कसला तरी पुकारा?

तेवढ्यात पलीकडे टाळ्या वाजल्या. बोरी बुद्रुकचा चांगदेव नावाचा एक बागायतदार बायकोला घेऊन नवी गाडी न्यायला आला होता. धोतराच्या काठाला चिखल, टाचांना चिखल, हातात थंड पेयाची बाटली. गाडीला झेंडूचा हार घातलेला, चाकाखाली लिंबू ठेवलेलं. "प्रशांत, चल रे, तुझी डिलिव्हरी," सोपान ओरडला. प्रबुद्ध "आलोच हं काका" म्हणून गेला, आणि भागुजी गाडीतच बसून राहिले. समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. पुठ्ठ्याची मोठी चावी चांगदेवच्या हातात दिली गेली, फोटो निघाला. चांगदेव म्हणाला, "प्रशांतराव, लई गोड बोलता राव तुमी. कुठलं म्हनायचं तुमी?"

"हितलाच की, घोडेगावच्या अंगाचा."

"आन आडनाव?"

"आडनाव कशाला दादा, नुसती हाक मारा, हजर!" प्रबुद्ध म्हणाला, सगळे हसले, आणि त्या हसण्यातच तो खाली वाकला. आधी चांगदेवच्या पायांना हात लावला, मग त्याच्या बायकोच्या. तिच्या पायांवर तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला, की भागुजींना तसं वाटलं. "आई, आशीर्वाद द्या."

"मोठा व्हय बाळा," ती म्हणाली. तिचं नाव सोनीबाई. ती अवघडून गेली होती, पदरानं डोळे पुसत होती. "कुना माऊलीच्या पोटचं हाय रं लेकरू! अशी पोरं ऱ्हायली न्हाईत आता."

गाडीच्या काचा बंद होत्या, तरी हे शब्द भागुजींना ऐकू आले, किंवा ओठांवरून वाचता आले. त्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. एका बोटानं वळतं म्हणाला होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

खाली उतरल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक म्हातारे शेठ म्हणाले, "या पावणं, बसा जरा." दलीचंदशेठ, मालकांचे वडील. शोरूमच्या जागेवर आधी त्यांचं कापडाचं दुकान होतं. पांढरी टोपी, हातात काठी, समोर कुणीच नाही. "अवघडल्यासारखं करू नका. बघायला काय पैसे पडत नाहीत. मी सगळं सगळं ठाण उलगडायचो, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, उद्या मालकिणीला घेऊन येतो. यायचं नाही. पण उलगडायचं. आता ही पोरं माणूस बघून चहा सांगतात. आमचा जिनेश रोज मला गाडीत घालून आणतो इथं. मी म्हणतो, अरे माझं काय काम? तर म्हणतो, बाबा, तुम्ही दिसलात म्हणजे बरं असतं. बसतो मग." ते हसले. "तुम्हाला मुलं काय?"

प्रबुद्ध हाराची पडलेली फुलं पायानं गोळा करत जवळच आला होता. तो थांबला. त्याच्या मानेची शीर टायच्या वर उभी राहिलेली भागुजींना दिसली.

"एक मुलगा आहे," भागुजी म्हणाले.

"काय करतो?"

"पुण्याला असतो. कंपनीत."

"घरी येतो ना?"

"येतो ना. येतो."

ती शीर हळूच खाली बसली. एवढंच झालं. पण ती बसताना त्यांनी पाहिली नसती तर बरं झालं असतं. मुलगा नाकारला जाताना इतका सुटल्यासारखा दिसू शकतो, हे त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. "प्रशांत," दलीचंदशेठ म्हणाले, "पावण्यांना एक चक्कर मारून आण बाबा. लांबून आलेत." सोपाननं तोंड फिरवून हसू दाबलं.

असे ते दोघं गाडीत बसले, बाप आणि मुलगा, पुढच्या दोन सीटांवर, आणि मागं कुणी नव्हतं. मागच्या सीटवर प्लॅस्टिकचं आवरण तसंच होतं. मीना नदीचा पूल आला, गेला. भागुजींना वाटलं, पूल ओलांडला की म्हणेल. आता कोण आहे ऐकायला? आबा, तुम्ही न सांगता कसे आलात, असं चिडून जरी म्हणाला तरी चालेल. "एसी वाढवू का, काका?" प्रबुद्धनं विचारलं. भागुजींनी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता आणि ते दोन्ही गालांचं हसू अजून त्याच्या तोंडावर होतं, कुणी समोर नसताना. एकदा आबा म्हटलं तर परत जाऊन काका कसं म्हणायचं, म्हणून तो तसाच राहिला असेल. किंवा त्याला काहीच वाटत नसेल. यातलं कोणतं खरं असावं असं आपल्याला हवं आहे, हेही त्यांना ठरवता येईना. पायाखालची चटई अनवाणी तळव्यांना मऊ लागत होती. बोललं पाहिजे. वाक्य तयार होतं, पण त्यात 'तुझी आई' असे शब्द होते, आणि हा गळ्यात टाय बांधलेला, प्रशांत नावाचा माणूस. त्याची आई कोण, ते भागुजींना माहीत नव्हतं.

"आजारी माणसाला न्यायचं झालं तर?" ते म्हणाले. "बरी पडेल का ही गाडी?"

गिअरवरचा हात तिथंच राहिला. "कुणाला?"

"आहे घरात. मंचरला दाखवलं. आता घरीच ठेवा म्हणाले."

गाडीचा वेग आपोआप उतरला. मागून टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला टेम्पो जोरजोरात हॉर्न देत पुढं निघून गेला. मग प्रबुद्ध बोलला, त्याच गोड आवाजात, पण त्या आवाजाखालून कुणी तरी जमीन काढून घेतल्यासारखं झालं होतं. "मागची सीट मोठी आहे. झोपून जाता येईल. पाय जरा दुमडावे लागतील फक्त."

"फार नाही लागणार. उंची बेताचीच आहे."

रस्त्याकडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याची घुंगरं बंद काचेतून ऐकू येत नव्हती, नुसती हलताना दिसत होती.

"गाडी मिळायला किती दिवस लागतात?" भागुजींनी विचारलं. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना गिऱ्हाइकाचा वाटला.

"दोन-तीन आठवडे लागतात. पांढऱ्याला थोडे जास्त."

"तेवढा वेळ नाही."

प्रबुद्धनं गाडी बाजूला घेतली. थांबवली. दोघांच्या मध्ये कुठं तरी टक टक टक असा बारीक आवाज होऊ लागला, तो त्यानं लावलेल्या लुकलुकत्या दिव्याचा होता. भागुजी त्या आवाजाकडे कान लावून बसले. आता, त्यांना वाटलं. आता. त्याचा हात सुटला, स्टिअरिंगवरून मांडीवर आला, मांडीवर उताणा पडून राहिला, लहानपणी झोपेत पडायचा तसा. तो हात आपण धरावा असं त्यांना वाटलं. आणि धरला तर तो काढून घेईल असंही वाटलं. आणि हे दोन्ही वाटेपर्यंत रस्ता मोकळा झाला. हात पुन्हा स्टिअरिंगवर गेला. गाडी एका बोटानं वळली आणि आली तशी परत निघाली.

दारात सोपान उभा होता. "काय रे, बुक करतोय का पेन?" त्यानं हळू विचारलं, पण ऐकू जाईल इतपतच हळू.

"नाही रे," प्रबुद्ध म्हणाला. "नुसते बघायला आलेत."

चपला जागेवर नव्हत्या. कुणी तरी पायानं कुंडीमागं सारल्या होत्या. भागुजी इकडं तिकडं पाहत राहिले, कुणाला विचारावं ते न कळून. प्रबुद्ध कुंडीमागं गेला, चपला हातात घेऊन आला, आणि खाली वाकून त्यानं त्या त्यांच्या पावलांपुढं सरळ करून ठेवल्या. ठेवताना त्याची बोटं त्यांच्या अंगठ्याला लागली. किंवा चपलेचा पट्टा लागला असेल. त्यांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना फक्त त्याचे पाणी लावून बसवलेले केस दिसले, मधोमध, भोवऱ्यापाशी, एक पांढरा. तो उभा राहिला तेव्हा तोंडावर तेच हसू होतं. "या परत, काका. घरच्यांना घेऊन या."

परतीच्या एसटीत ते उजव्या पायाचा अंगठा पाहत बसले. बोटंच लागली असतील, असं ते मंचरपर्यंत म्हणत होते. घोडेगावला गाडी बदलताना त्यांना वाटलं, पट्टाच असेल. शिनोलीला उतरून घराकडे चालताना त्यांनी खिशाचं पेन काढून पिशवीत टाकलं, आणि मग, आता काढून काय उपयोग म्हणून, पुन्हा खिशाला लावलं.

जानकाबाई जाग्याच होत्या. तोंड दाराकडे केलेलं. "भेटला?"

"भेटला."

"बोलला?"

"लई बोलला," भागुजी म्हणाले. तिचाच शब्द. ते तिच्या उशाशी टेकले आणि सांगू लागले. दोन्ही हात जोडल्यासारखे धरून कसा समोर आला. गाडीत बसा म्हणाला. बसताना डोक्याला लागू नये म्हणून वर हात धरला, असा. एकेक गोष्ट समजावून सांगितली, जरासुद्धा चिडला नाही. नदीपलीकडं फिरवून आणलं. तिथल्या म्हाताऱ्या शेठजींसमोर अगदी अदबीनं उभा होता. एका बाईनं तर म्हटलं, कुणा माऊलीच्या पोटचं लेकरू आहे हे. सगळं खरं होतं. पुस्तक फळीवर ठेवण्याआधी उलटून पाहावं तसं एकेक वाक्य ते तपासून पाहत होते, आणि एकही खोटं निघत नव्हतं.

"तुमास्नी गाडीत बसिवलं?" जानकाबाई म्हणाल्या. "म्होरं?"

"पुढं. त्याच्या शेजारी. आणि निघताना चपला हातानं आणून पायापुढं ठेवल्या."

त्या हसल्या. एका गालानं. भागुजींनी मान खाली घातली. "असं म्हनली व्हय ती बाई," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "माझा परबू." मग त्यांचा श्वास जरा लागला, बसला. "सांगितलं ना त्याला, आय बोलावतीया म्हनून?"

"सांगितलं. तू आजारी आहेस म्हटलं."

"मग कवा येतो म्हनला?"

बाहेर भीमाशंकरच्या रस्त्यानं एक गाडी आली. आवाज जवळ आला, दारासमोरून गेला, लांब गेला. जानकाबाईंची नजर दाराच्या फटीतून त्याच्याबरोबर गेली आणि परत आली. भागुजी तो आवाज पुरता नाहीसा होईपर्यंत थांबले.

"दोन-तीन आठवडे लागतात म्हणाला."

त्या आढ्याकडे पाहत राहिल्या. त्यांची बोटं गोधडीवर जराशी हलली, जणू तिच्या शिवणीवरून वाट चाचपत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "थांबते मी तवर."

आणि भिंतीकडे कुशीवर होत त्यांनी पाय पोटाशी दुमडून घेतले. फार दुमडावे लागले नाहीत.